हस्तकला मेळ्यात घरगुती साबण आणि भेटसंच विकायचे आहेत, सल्ला हवा

गंधवेडी:
नमस्कार मंडळी. मी घरी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून, साबण करते. आतापर्यंत ओळखीपाळखीत दिले, तेच लोक परत मागायला लागले, म्हणून आता हस्तकला मेळ्यात पहिल्यांदाच स्टॉल घेते आहे. मेळा दोन दिवसांचा, मोकळ्या मैदानावर, मंडपाखाली. माझ्याकडे १४ वासांचे साबण आहेत. शिवाय तीन-तीन वड्यांचे भेटसंच करायचे आहेत, काहींत बाथ बॉम्ब (आंघोळीच्या पाण्यात फसफसणारे गोळे) आणि लाकडी साबणदाणीही घालेन म्हणते.
संच आधीच बांधून न्यावेत का? माल किती न्यावा? आणि किंमत? सुट्या वड्यांपेक्षा संच स्वस्त पडायला हवा असं जो तो सांगतो, पण खोका, फीत, कागद धरला की मला ते परवडत नाही. ज्यांनी स्टॉल लावले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

काटेकोर:
आधी एक विचारतो, मेळ्याच्या दिवशी सगळ्या वड्या मुरलेल्या असतील ना? कोल्ड प्रोसेसला साधारण ४ ते ६ आठवडे हवेतच. पहिल्या एक-दोन दिवसांत कॉस्टिक सोडा आणि तेलाची प्रक्रिया बहुतेक उरकते, पण पाणी उडून वडी कडक व्हायला वेळ लागतो. ओली वडी न्हाणीघरात चार दिवसांत विरघळते आणि घेणारा पुन्हा फिरकत नाही.
दुसरं वजन. मुरताना वडीचं वजन १० टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरतं. कापताना तोलून लेबल छापलंत, तर विकताना लेबलावर जास्त आणि काट्यावर कमी अशी गत होते. विक्रीच्या आठवड्यात तोला आणि त्या घाण्यातली सर्वांत हलकी वडी जेवढी भरेल तेवढंच छापा. कागदी पट्टीही तेव्हाच गुंडाळा. आधी घट्ट बसवलेली पट्टी वडी आक्रसल्यावर सुटून येते.

निळीशाई:
ताई, संच आधी बांधून नेऊ नका. हे मी अगदी ठामपणे सांगते. फार तर मांडणीपुरते दोन-तीन बांधलेले ठेवा. बाकी रिकामे खोके, कागदाच्या पट्ट्यांचं भरण आणि फीत टेबलाखाली ठेवा आणि गिऱ्हाइकाला सांगा, "तुमच्या आवडीच्या तीन वड्या निवडा, मी बांधून देते."
कारणं बरीच आहेत. बांधलेल्या संचातल्या तीन वासांपैकी एक जरी नावडता निघाला, तर माणूस अख्खा संच खाली ठेवतो. संचात अडकलेल्या वड्या सुट्या विकता येत नाहीत आणि नेमका खपणारा वासच खोक्यात बंद राहतो. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वेगवेगळ्या वासांच्या वड्या एका बंद खोक्यात काही आठवडे राहिल्या, की वास एकमेकांत मिसळतात. खोका उघडल्यावर ना धड फुलांचा वास येतो ना लाकडाचा. भेट देणाऱ्याने तो खोका उघडलेलाच नसतो, उघडतो भेट मिळालेला माणूस, आणि तो तुमच्याकडे तक्रार घेऊन येत नाही. त्याचा साबणाबद्दलचा ग्रह मात्र कायमचा तसाच होतो. म्हणून भेटीच्या मालात सुट्या वडीपेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी. उरलेला, कोपरे झडलेला माल खोक्यात खपवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती मला मुळीच पटत नाही.
आणि १४ वास फार झाले. १४ मधून तीन निवडायचे म्हटलं तर ३६४ वेगवेगळे संच होतात. सहातून तीन म्हटलं तर २०. स्टॉलसमोर उभ्या माणसाला हे आकडे माहीत नसतात, पण नाक थकतं हे खरं. चार-पाच वड्या हुंगल्यावर सगळं सारखंच वाटायला लागतं आणि "जरा फिरून येतो" म्हणून तो निघतो. सहा वास न्या, प्रत्येकाच्या भरपूर वड्या न्या.

पानगळ:
निळीशाईंशी सहमत, फक्त बाथ बॉम्बबद्दल भर घालतो. त्यात खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं, ओलावा लागला की दोघांची प्रक्रिया सुरू होते. साबणाच्या वडीतून ओल थोडी थोडी बाहेर येत असते. दोन्ही एका खोक्यात उघडे ठेवलेत तर बॉम्बवर पुटकुळ्या येतात आणि पाण्यात टाकल्यावर तो नुसता बुडून राहतो. बॉम्ब श्रिंक फिल्ममध्ये, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या प्लास्टिकमध्ये, हवाबंद करा. साबणाला मात्र प्लास्टिकमध्ये कोंडू नका, त्याला कागदी पट्टी आणि मोकळी हवाच बरी. मेल्ट अँड पोर बेसच्या, म्हणजे तयार साबण वितळवून साच्यात ओतलेल्या वड्यांचं उलटं आहे. त्यांतलं ग्लिसरीन हवेतली आर्द्रता ओढून घेतं आणि वडीवर घामासारखे थेंब जमतात, म्हणून त्या घट्ट गुंडाळाव्या लागतात.
किमतीबद्दल माझं मत प्रचलित सल्ल्याहून वेगळं आहे. संच स्वस्त का असावा? भेट घेणाऱ्याचा निवडण्याचा, बांधण्याचा, खोका शोधत हिंडण्याचा त्रास तुम्ही वाचवता. संचाची किंमत म्हणजे तीन वड्यांची पूर्ण किंमत, अधिक खोका-फीत, अधिक बांधायला लागणारा वेळ. सूट द्यायचीच असेल तर बिनखोक्याच्या तीन वड्यांवर द्या, स्वतःच्या घरी वापरायला घेणाऱ्यासाठी. दोन गिऱ्हाइकं वेगळी आहेत, दोघांनाही आपापलं कारण मिळतं.
स्टॉलच्या भाड्याचा हिशेब आधी कागदावर मांडा. एका वडीमागे सगळा खर्च जाऊन जे उरतं, त्याने भाड्याला भागा. येईल तेवढ्या वड्या निव्वळ भाड्यासाठी विकायच्या आहेत. आकडा भलताच मोठा आला तर तो मेळा सोडून द्यावा. आयोजकांना हेही विचारा, की साबणाचे किती स्टॉल घेणार आहेत. जमल्यास त्याच आयोजकांच्या एखाद्या मेळ्यात आधी नुसतं फिरून या, लोक हातात पिशव्या घेऊन बाहेर पडतात की रिकाम्या हाताने, ते बघा.

गंधवेडी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. मेळ्याला अजून पाच आठवडे आहेत. बहुतेक घाणे कापून झालेत, फक्त निव्वळ ऑलिव्ह तेलाचा एक घाणा गेल्या आठवड्यातच ओतला आहे. सहा वास कसे निवडू? मला तर सगळेच जवळचे वाटतात. आणि लेबलावर "कोरड्या त्वचेसाठी, इसबावर गुणकारी" असं लिहावं का? वापरणाऱ्या काहींनी मला तसं सांगितलं आहे.

काटेकोर:
इसबाचा उल्लेख लेबलावर नको, तोंडीही नको. रोग बरा करतो म्हटलं की बऱ्याच देशांच्या कायद्यात तो साबण राहत नाही, औषध ठरतो आणि औषधाचे सगळे नियम लागू होतात. शिवाय एखाद्याची त्वचा चिघळली तर जबाबदारी आपली. घटक मात्र सगळे लिहा, वजनाच्या उतरत्या क्रमाने. सोबत घाण्याचा क्रमांक, वजन आणि संपर्क. बदाम किंवा इतर सुक्या मेव्याचं तेल असेल तर ते ठळक दिसू दे. परवाना, सुरक्षा तपासणी, विमा यांचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. युरोपीय संघात तर प्रत्येक पाककृतीचा सुरक्षा अहवाल लागतो. तुमच्याकडचे नियम स्टॉलचं भाडं भरण्यापूर्वी बघून घ्या.

निळीशाई:
वास निवडताना घराणी धरा. एक फुलांचा, एक लिंबूवर्गातला, एक लाकडी, एक पुदिन्यासारखा ताजा, एक गोडसर आणि एक बिनवासाचा. बिनवासाची वडी वगळू नका. ज्यांना वास सोसत नाही ती माणसं ती शोधत असतात आणि मिळाली की एकदम चार घेतात. गोडसर वासात व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असेल तर वडी तपकिरी होत जाते, तेव्हा पांढरी राहील या भरवशावर खोक्याचे रंग ठरवू नका. संत्र्याच्या तेलाचा वास मुरताना बराच उडतो, त्यामुळे मेळ्याच्या आठवड्यात हुंगून बघा आणि मगच तो न्यायचा की नाही ते ठरवा. लॅव्हेंडरची फुलं वडीत घातली असतील तर ती तपकिरी पडतात. झेंडूवर्गातल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्यांचा रंग मात्र टिकतो.
सूर्यफुलासारखी तेलं जास्त असलेले घाणे लवकर खवट होतात आणि त्यांवर नारिंगी ठिपके येतात. ते भेटीसाठी साठवून ठेवू नका.
मांडणी सपाट नको, मागच्या बाजूला फळ्या चढवून उंची द्या. प्रत्येक वासाची एकच उघडी वडी, वर पालथा पेला. पेल्यात वास कोंडतो, लोक पेला उचलून हुंगतात आणि विकायच्या वड्यांना हात लागत नाहीत. किंमत मोठ्या अक्षरांत, कारण विचारायला संकोचणारे बरेच जण मुकाट्याने पुढे जातात.

पानगळ:
मोकळं मैदान आहे म्हणून सांगतो, छत्री किंवा मंडपाच्या चारही पायांना वजन बांधा, वाऱ्याने स्टॉल उलटलेले पाहिले आहेत. ऊन कुठल्या वेळी कुठून येतं ते विचारून घ्या, उन्हात रंग विटतात. सुटे पैसे पुरेसे ठेवा. मोबाईलवरून पैसे घेणार असाल तर गर्दीत नेटवर्क जातं हे धरून चाला. सोबत एक माणूस हवाच. खोका बांधताना दुसरं गिऱ्हाईक ताटकळलं तर आपण म्हणतो तो बांधून देण्याचा फायदा उरत नाही.
आणि वासागणिक खुणा करायला एक वही ठेवा. पहिल्या दिवसाच्या खुणा बघून दुसऱ्या दिवशी काय पुढे मांडायचं ते ठरवता येतं.

गंधवेडी:
हे सगळं लिहून घेतलं. संच तिथेच बांधणार, साबणदाणी वेगळी विकणार, ज्याला हवी त्याच्या खोक्यात घालून देईन. तो ऑलिव्हचा घाणा मेळ्याला न्यावा का?

काटेकोर:
नको. निव्वळ ऑलिव्हची कोवळी वडी हातात बुळबुळीत लागते, फेसही धड येत नाही. तिला बरेच महिने लागतात, कित्येक जण वर्षभर ठेवतात. वड्या हवेशीर फळीवर एकमेकींना न चिकटवता उभ्या लावा, एका वडीवर खूण करून ती अधूनमधून तोला. वजन उतरायचं थांबलं की एक वडी स्वतः वापरून बघा, मगच तिचं लेबल छापा.