‘पळस’ आणि ‘किंशुक’ : नावांचा अर्थ व उगम

जिज्ञासू :
वसंतात निष्पर्ण फांद्यांवर फुलणाऱ्या पळसाच्या ‘पलाश’ या संस्कृत नावाची ‘पल’ म्हणजे मांस आणि ‘अश’ म्हणजे खाणारा अशी फोड करून, मांसासारख्या लाल फुलांचे झाड ते पलाश, असा अर्थ लावलेला वाचनात आला. ही व्युत्पत्ती ग्राह्य मानावी का? तसेच ‘किंशुक’ हे नाव कसे पडले असावे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

शब्दवेल्हाळ :
‘पलाश’ शब्दाचा राक्षस असाही एक अर्थ आहे आणि तेथे ही फोड चपखल बसते. झाडाला मात्र ती ओढूनताणून लावलेली दिसते, कारण मांस खाणे वेगळे आणि मांसासारखे दिसणे वेगळे. झाडाच्या नावामागे ‘पान’ हा अर्थ असावा, असे मला वाटते. अमरकोशात ‘पत्रं पलाशं छदनं दलं पर्णं छदः’ अशी पानाची नावे येतात आणि वृक्षांच्या नावांत ‘पलाशे किंशुकः पर्णो वातपोथः’ असे येते. म्हणजे ‘पलाश’ आणि ‘पर्ण’ हे दोन्ही शब्द पानालाही लागू आहेत आणि या झाडालाही. त्याच कोशात ‘पालाश’ रंग म्हणजे हिरवा, हे वाचून केशरी फुले डोळ्यांसमोर आणणारा वाचक थोडा चक्रावेलच. पुढे प्राकृतात ‘पलास’ झाले आणि मराठीने नेहमीप्रमाणे दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ केला.

रानवाटा :
वनस्पतिशास्त्रातही तेच घडले आहे. या झाडाचे जुने शास्त्रीय नाव ‘ब्यूटिया फ्राँडोसा’, आणि त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ भरपूर पानांचा असा होतो. आज रूढ असलेल्या ‘मोनोस्पर्मा’चा अर्थ एकबीजी, हे पद फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी योजले, आणि चपट्या शेंगेच्या अगदी टोकाशी एकच बी असते, ते पाहिले की नाव पटते. ‘ब्यूटिया’ हे वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते लॉर्ड ब्यूट यांच्यावरून आले आहे.

फुलाची दखल घेतली ती ‘किंशुक’ने. काळपट, मखमली निदलपुंजातून, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणातून, बाहेर आलेली, बाकदार आणि टोकाशी निमुळती झालेली पाकळ्यांची जोडी हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखी दिसते, म्हणून ‘किं शुकः’, म्हणजे हा पोपट तर नव्हे?

शब्दवेल्हाळ :
कोशाचे टीकाकार ‘किंचित् शुक इव’, म्हणजे थोडासा पोपटासारखा, अशीही फोड करतात. मला ती अधिक साधी वाटते. प्रश्नाची कल्पना सुंदर असली तरी जरा पंडिती आहे.

जिज्ञासू :
आभारी आहे. हिंदीतील ‘केसू’ याच ‘किंशुक’वरून आला का?

शब्दवेल्हाळ :
होय, प्राकृत ‘केसुअ’मार्गे. ‘पलाश’ मात्र गावांच्या नावांत अधिक रुजला. १७५७ च्या लढाईची प्लासी म्हणजे मूळची पलाशी.