मदत हवी आहे: गंगाखेडहून इमॅजिका, पहिल्यांदाच, दोन लेकरं आणि सासूबाईंसोबत

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

यंदा भाऊबीज उरकली की खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जायचं ठरतंय. म्हणजे लेकरांनी ठरवलंय, आम्ही नुसती मान डोलावली. आम्ही गंगाखेडचे. मिस्टरांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. त्या दिवसांत हरभऱ्याची पेरणी जोरात असते, तरी कसेबसे दोन-तीन दिवस काढतो म्हणालेत.

माणसं पाच. आम्ही दोघं, मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरी एकट्या राहायला तयार नाहीत. "मी बसते एका जागी, तुम्ही हिंडा" म्हणतात. दिवसभर एका जागी बसवून ठेवणं मला बरं वाटत नाही.

मुलाने तिथल्या नायट्रो या मोठ्या पाळण्याचे व्हिडिओ पाहून पाहून कुठल्या वळणाला पाळणा उलटा होतो ते पाठ केलंय. परवा दाराच्या चौकटीला टाचा लावून उभा राहिला आणि मला टेप धरायला लावली. १३८ सेंमी भरली. पुन्हा मोज म्हणाला, केसांवर पट्टी न दाबता. तरी १३८च. तेव्हापासून रोज सकाळी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला लोंबकळतोय. धाकटी ११२ आहे, तिला फक्त पाण्यात खेळायचंय.

विचार असा आहे की नांदेड-पनवेल गाडीने रात्रभर प्रवास करून सकाळी पनवेलला उतरायचं, तिथून गाडी करून थेट पार्क गाठायचं. दिवसभरात राइड आणि वॉटर पार्क दोन्ही उरकायचं, रात्री कुठंतरी टेकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. हे जमण्यासारखं आहे का? सासूबाईंना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, तर दशम्या आणि चटणी आत नेऊ देतात का? वॉटर पार्कला पंजाबी ड्रेस चालतो का? जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

नांदेडचा पाहुणा

ताई, एवढ्या लांब कशाला? तुम्हाला परभणीहून हैदराबादच सोयीचं. अजिंठा एक्सप्रेस आहे, सकाळी हैदराबादेत. रामोजी फिल्म सिटी शहरापासून तासाभरावर, विजयवाड्याच्या रस्त्याला. १९९६ पासून सुरू आहे, आतच राहायची हॉटेलं आहेत, स्वस्त-महाग दोन्ही. लाल बसमध्ये बसवून सगळे सेट फिरवतात. आजींना बसमधूनच निम्मं बघून होईल. पक्ष्यांचं उद्यान, बाहुबलीचा सेट, धाकटीसाठी लहान मुलांचा वेगळा भाग. आम्ही तर पाहुणे आले की तिकडंच नेतो.

---

गोदाकाठची

दादा, मीही हेच सुचवलं होतं. मुलगा म्हणाला, "तिथं उलटं होतं का?" विषय संपला.

---

लातूरचा बाप

जमण्यासारखं आहे, पण एका दिवसात दोन्ही पार्क नाही. एवढं एक ऐकलंत तरी पुरे.

थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी-शेजारी आहेत, पण तिकिटं वेगळी. स्नो पार्कचं आणखी वेगळं. एकत्र तिकीट घेतलं की स्वस्त पडल्यासारखं वाटतं, म्हणून लोक घेतात आणि दोन्हीकडं अर्धवट बघून येतात. पार्क उघडतं साधारण साडेदहा-अकराला. एकेका मोठ्या राइडच्या रांगेत सुट्टीच्या दिवसात तास जातो. त्यात कपडे बदला, अंग पुसा, लॉकर शोधा, ओल्या लेकराला परत चड्डी घाला, यात दुपार संपली. एक दिवस, एक पार्क.

रात्रभर गाडीत बसून थेट गेटवर जाणंही सोडून द्या. मोठी माणसं निभावतात हो. पहिलीतलं पोरगं तीन वाजता कुठल्यातरी बाकावर झोपतं आणि मग एकजण त्याच्यापाशी अडकतो. पहिल्या दिवशी फक्त पोहोचा. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, खिशाला झेपत असेल तर आजींसाठी उत्तम, कारण थकल्या की खोलीवर जाऊन पडता येतं. नाहीतर खोपोलीत साधी लॉज आहेत.

आता तुमच्या पोराचं. नायट्रोला १४० सेंमी लागतात. तिथं पट्टी लावून मोजतात आणि दोन सेंमीला कुणी सूट देत नाही. देऊही नये. तो फ्लोअरलेस कोस्टर आहे, म्हणजे पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबतात, आणि पाच वेळा उलटा होतो. माणूस अडकून राहतो तो खांद्यावरून खाली येणाऱ्या पट्ट्यात. तो खांद्यावर नीट बसायला उंची लागते. हे पोराला घरीच समजावून सांगा. गेटपर्यंत नेऊन परत फिरवलं तर उरलेला अख्खा दिवस तोंड पाडून बसेल आणि त्याच्यासोबत तुम्हीही.

बाकी राइडची पट्टी वेगवेगळी आहे, वेबसाइटवर एकेका राइडच्या पानावर लिहिलेली असते. रात्री दोघा लेकरांना घेऊन बसा आणि कोण कशात बसू शकतं याची यादी करा. आमच्याकडं त्या यादीवरूनच निम्मी भांडणं घरी मिटली.

क्रम असा ठेवा. गेट उघडलं की बाकी काही न बघता आधी मोठ्या राइडकडं. डीप स्पेस हा कोस्टर अंधारातला आहे, वर चढवत नेत नाहीत, चुंबकाच्या जोरावर एकदम सोडतात. माझ्या मते नायट्रोपेक्षा तोच जास्त भारी, पण आमच्या घरात यावर एकमत नाही. ऊन चढलं की छताखालचं धरा. आय फॉर इंडियात खुर्चीत बसवून पडद्यासमोर उचलतात आणि देशावरून उडवल्यासारखं वाटतं. सलीमगढमध्ये भुतांवर बंदूक चालवायची असते. मिस्टर इंडियाची राइड आहे, तुमच्या मिस्टरांना आवडेल. राजासॉरसची होडी शेवटी ठेवा, भिजायला होतं. राजासॉरस हे डायनासोरचं नाव मनाने ठेवलेलं नाही बरं का, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला ते नाव मिळालं. आमच्या पोराने रांगेतल्या सगळ्यांना हे ऐकवलं.

संध्याकाळी मिरवणूक निघते, ती आजींना नक्की दाखवा.

---

वैजापूरची माहेरवाशीण

धाकटीला पाणीच हवं असेल तर त्यासाठी खोपोली कशाला? शिर्डीला वेट एन जॉय वॉटर पार्क आहे, मनमाडच्या गाडीने जवळ पडतं, साईबाबांचं दर्शनही होतं. खोपोलीला निवांत राइड करा आणि पाण्याचं उन्हाळ्यात शिर्डीला बघा. त्यानिमित्ताने मुलीला सांगायला एक "पुढच्या वेळी" राहतं.

पंजाबी ड्रेस चालत नाही. कुठल्याच मोठ्या वॉटर पार्कात सुती कपडे चालू देत नाहीत, धागे सुटतात आणि ओले होऊन जड होतात. नायलॉनचेच लागतात. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ मिळतात, संकोच नको.

---

खोपोलीवाला

मी इथलाच, म्हणून दोन शब्द.

दशम्या आत नेऊ देत नाहीत. बाहेरचं खाणं गेटवरच काढून ठेवतात. लहान बाळाचं आणि औषधं तेवढी चालतात. आत खायला भरपूर आहे, दर हॉटेलातले धरून चला. कांदा-लसूण नको असेल तर जैन जेवण मागायचं. सकाळी खोलीवर पोटभर खाऊन निघा, दुपारचं आत घ्या आणि दशम्या गाडीतल्या प्रवासासाठी ठेवा.

तुमच्या सासूबाईंबद्दल सगळे फक्त गुडघ्यांचं बोलताहेत. ताई, अष्टविनायकातले दोन इथंच आहेत. महडचा वरदविनायक अगदी जवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्याने पुढं, ज्या रस्त्यावर पार्क आहे. नकाशावर शोधताना महड बघा, महाड नाही. नाहीतर गाडीवाला तुम्हाला चवदार तळ्याला नेऊन सोडेल. पालीला आधी मागच्या धुंडी विनायकाचं दर्शन घ्यायचं आणि मग बल्लाळेश्वराचं. तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतली. पहिला दिवस दर्शनाचा ठेवला तर ही सहल आजींचीही होईल. पार्कात त्यांच्यासाठी गेटपाशी व्हीलचेअर मिळते, लाजू नका, मागा. सगळं मिळून १३० एकरांच्या आसपासचं आवार आहे.

आणि एक. दिवाळीच्या सुट्टीत इकडे येऊ नका. पुण्या-मुंबईची सगळी गर्दी त्याच आठवड्यात असते आणि घाटात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे बदलतो, सुट्टीत चढा असतो. रांग टाळणारं एक्सप्रेस तिकीट मिळतं, पण पाच माणसांचं घ्यायचं तर सहलीचा खर्च बराच वाढतो.

---

लातूरचा बाप

खोपोलीवाल्यांनी मुद्द्याचं बोललं. ताई, तुमचा प्लॅन ठीक आहे, तारीख चुकतेय. दिवाळीऐवजी फेब्रुवारीअखेर या.

बघा ना. दिवाळीत पोरगा १३८. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंमी वाढतात, म्हणजे दोन सेंमीला चार महिने धरा. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, सासूबाईंच्या जेवणाचा प्रश्न मिटला. पेरणी आटोपलेली, दुकानातली गर्दी ओसरलेली. सुट्ट्या नसल्याने पार्कात रांगा कमी. हवाही बरी. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडचं ऊन कोरडं, कोकणात नुसता घाम निघतो, ते लेकरांना सोसत नाही. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका, विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून फेब्रुवारीचा शेवट, तोही मंगळवार-बुधवार गाठा. सहावीतल्या पोराच्या दोन दिवसांच्या गैरहजेरीने आभाळ कोसळत नाही. हे एक मास्तरच सांगतोय.

---

खोपोलीवाला

बरोबर. फक्त माघी गणेश जयंतीचे दिवस टाळा. पाली आणि महड दोन्हीकडे उत्सव असतो, पाय ठेवायला जागा नसते. तिथी दरवर्षी मागं-पुढं होते, कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. आधी कालनिर्णय बघा, मग तिकीट काढा. पार्क कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडं आहे तेही बुकिंगच्या पानावर बघून घ्या.

---

नांदेडचा पाहुणा

दिवाळीची फट मोकळी झाली म्हणजे. तेवढ्यात रामोजी करून घ्या की!

---

गोदाकाठची

दादा, तुम्ही काही सोडणार नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. पेरणीच्या दिवसांत दुकान सोडायचं नाही म्हणल्यावर त्यांचा चेहराच उजळला, इतके दिवस बोलत नव्हते फक्त. सासूबाईंना बल्लाळेश्वराचं सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "मग तो पाळण्यांचा बाजार दुसऱ्या दिवशी ठेवला तर चालेल ना?" मुलगा तासभर रुसला. फेब्रुवारीत नायट्रोत बसायला मिळेल आणि दिवाळीत मिळणार नाही, हे दोनदा समजावल्यावर जेवायला आला. धाकटीला अजून सांगितलेलं नाही.

आता ठरलं ते असं. पहिल्या दिवशी सकाळी पनवेल, खोलीवर आंघोळी, मग महड आणि पाली. दुसरा दिवस पूर्ण थीम पार्क. तिसऱ्या दिवशी सकाळी आरामात उठून पनवेलहून दुपारची नांदेड गाडी. वॉटर पार्क मे महिन्यात शिर्डीला. तिसऱ्या दिवसाचं यांनी कबूल केलंय, तुम्ही साक्षीला आहात.

शेवटचा प्रश्न. सासूबाईंना खालचीच बर्थ हवी. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं तर मिळते का?

---

लातूरचा बाप

एकत्र काढू नका. खालच्या बर्थचा जो कोटा आहे, बायकांना ४५ वर्षांपुढे आणि पुरुषांना ६० पुढे, तो एका किंवा दोन प्रवाशांच्याच तिकिटाला लागू होतो. पाच जणांच्या तिकिटात तो मिळत नाही. आजींचं एकटीचं वेगळं काढा आणि बुकिंग करताना तो कोटा निवडा. तुम्ही चौघं दुसऱ्या तिकिटावर, त्याच डब्यात जागा बघून. जाताना आणि येताना दोन्ही वेळी. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे फेब्रुवारी अखेरचं तिकीट डिसेंबर संपता संपता काढावं लागेल. मोबाईलमध्ये आजच लावून ठेवा.