मुलगा कॅनडात मेनोनाइट लोकांबरोबर पुरात पडलेली घरं बांधायला जातोय, हे लोक नक्की कोण?

मृणाल_सुदामानगर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही इंदूरचेच, मुलगा कॅनडात किचनरला शिकतोय. तिथे पार्ट टाइम जॉब शोधता शोधता हा एका जुन्या सामानाच्या दुकानात शनिवारी जायला लागला, पगार नाही हं, फुकट, कपड्यांचे ढीग निवडायचे, भांडी पुसून मांडायची. घरी असताना स्वतःचं ताट कधी उचललं नाही ते सोडा. ते दुकान मेनोनाइट म्हणून ख्रिश्चन लोक आहेत त्यांचं, विक्रीचा पैसा युद्ध, भूकंप, दुष्काळ जिथे असेल तिथे पाठवतात म्हणे. इथवर ठीक होतं. आता सुट्टीत त्यांच्या टोळीबरोबर पुरात पडलेली घरं बांधायला जाणार म्हणतोय, आठवडाभर मुक्काम तिथेच, आणि फोनवर सहज बोलून गेला की सकाळी सगळे मिळून प्रार्थना करतात आणि मग हातोडे घेऊन निघतात, मीपण बसणार त्यांच्यात. झालं! आमच्या ह्यांनी तेव्हापासून "पोरगं गेलं हातातून" लावून धरलंय. सासूबाईंना तर अजून सांगितलेलंच नाही.

यूट्यूबवर बघितलं तर घोड्याच्या बग्ग्या, काळे कपडे, बायकांच्या डोक्यावर टोप्या. मुलगा म्हणतो आई इथे सगळे जीन्स घालतात. आणि म्हणे हे लोक सैन्यात जात नाहीत, कुठल्याच देशाच्या. म्हणजे युद्धात अडकलेल्यांना मदत करायची पण लढायचं नाही, हे कसं काय जमतं? आणि खरं विचारायचंय ते हे की या मदतीमागे धर्म बदलायचा डाव असतो का. कोणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सॅपवाली नको.

भिया_किचनरवाले

मृणालताई, मी मूळचा इंदूरचा, आता बरीच वर्षं इथेच आहे. बग्गीवाले वेगळे, ते ओल्ड ऑर्डर म्हणजे जुन्या रीतीने राहणारे, सेंट जेकब्सच्या बाजाराकडे गेलं की दिसतात, भाज्या विकतात, आपल्या कामाशी काम. बाकीचे मेनोनाइट तुमच्या-माझ्यासारखेच, डॉक्टर, मास्तर, बँकेतले. यांच्यातले पहिले लोक १८०० च्या आसपास पेनसिल्व्हेनियातून बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन इकडे आले, म्हणून या भागात इतके आहेत.

दुकानाचं म्हणाल तर ती थ्रिफ्ट शॉप, १९७२ मध्ये मॅनिटोबातल्या अल्टोना गावात चार बायकांनी पहिलं काढलं, आता कॅनडा-अमेरिकेत जागोजागी आहेत. पैसा जातो मेनोनाइट सेंट्रल कमिटीला, म्हणजे यांच्या मदत संस्थेला. मे महिन्याच्या शेवटी न्यू हॅम्बर्गला यांचा रिलीफ सेल भरतो, तिथे बायकांनी हाताने शिवलेल्या गोधड्यांचा लिलाव होतो, आपल्याकडे गणपतीच्या प्रसादाच्या नारळावर बोली चढते ना तसंच, वस्तूची किंमत कोणी बघत नाही, जो तो वरचा आकडा बोलतो. एकदा जाऊन बघण्यासारखं आहे, खायला पण भरपूर असतं.

शांती शांती म्हणतात म्हणजे काय करतात याचं एक उदाहरण आमच्या शेजारचंच. एल्मिरा, इथून अर्ध्या तासावर. १९७४ मध्ये दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ जणांच्या मालमत्तेची नासधूस केली, गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या. प्रोबेशन खात्यातला एक मेनोनाइट अधिकारी जज्जला म्हणाला की यांना त्या लोकांसमोरच उभं करूया. जज्ज आधी नाही म्हणाला मग तयार झाला. पोरं घरोघर गेली, दार वाजवलं, "आम्हीच ते" असं सांगितलं, नुकसान विचारून लिहून घेतलं आणि नंतर पैसे भरून दिले. आज जगभर कोर्टांत आरोपी आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याचे जे प्रयोग चालतात त्यांची सुरुवात म्हणून याच केसचं नाव घेतात. मला हे प्रवचनापेक्षा जास्त पटतं.

धर्म बदलण्याबद्दल: मला आजवर कोणी चर्चला चल म्हणून मागे लागलेलं नाही. हे लोक तर स्वतःच्या तान्ह्या पोरांचा पण बाप्तिस्मा करत नाहीत, मोठा होऊन त्याने स्वतः मागितला तरच.

नाना_रामबाग

माझी सगळी नोकरी महूच्या लष्करी छावणीत गेली, तेव्हा स्पष्ट बोलतो. यांची प्रार्थना शांतपणे पार पडते कारण कुठेतरी कोणीतरी बंदूक घेऊन जागा असतो. सगळेच लढणार नाही म्हणाले तर कसं होईल ते सांगा आधी.

दुसरं, मुलीला (मृणाल, तुला मुलगीच म्हणतो) दिशाभूल नको. हेच मेनोनाइट आपल्याकडे १८९९ मध्ये धमतरीला (आता छत्तीसगडात) आले, तेव्हा तो छप्पन्याचा दुष्काळ पडला होता, आमची आजी त्याच्या गोष्टी सांगायची. लोक झाडाच्या साली खात होते. यांनी अन्न दिलं, अनाथ पोरं गोळा करून सांभाळली, चांगलं केलं, पण पुढे तीच पोरं त्यांच्या चर्चची पहिली मंडळी झाली. उपाशी पोराला निवडीचं स्वातंत्र्य कुठलं? नियोगी समितीने १९५६ च्या रिपोर्टात मिशनऱ्यांच्या धर्मांतरांबद्दल जे लिहिलं ते उगीच नव्हतं, आपल्याच मध्य प्रदेश सरकारने नेमलेली समिती होती ती.

आणि गंमत बघा, शांतीवाल्यांच्या या गावाला नाव कोणाचं? लॉर्ड किचनर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती!

भिया_किचनरवाले

नाना हाहा, ते खरंय. आधी गावाचं नाव बर्लिन होतं, पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून १९१६ मध्ये बदललं. मेनोनाइटांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

अनघा_धमतरीची

नाना, नमस्कार. माझं लहानपण धमतरीला गेलं, बाबा गंगरेल धरणाच्या कामावर होते आणि माझा जन्म तिथल्या ख्रिश्चन हॉस्पिटलातला, म्हणजे १९१० मध्ये यांनीच काढलेल्या. आता लग्न होऊन इंदूरला. अनाथ पोरांची गोष्ट तुम्ही सांगता ती बरोबर आहे, धमतरीतले जुने ख्रिश्चन लोक स्वतःच सांगतात की आमचे पणजोबा दुष्काळातले. त्यावर पांघरूण कशाला घालायचं. पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या हिंदू-मुसलमान-जैन बायका त्याच हॉस्पिटलात बाळंत झाल्या आणि आपापल्या देवाला नारळ फोडून घरी आल्या, हेही त्याच गावात झालंय. छत्तीसगडातल्याच चांप्याला १९०२ पासून यांचं कुष्ठरोग्यांचं केंद्र आहे, त्या काळात घरचे लोक हात लावत नसत अशांना यांनी ठेवून घेतलं.

लढण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते कारण तिथेच सगळी गोम आहे. यांची सुरुवात १५२५ मध्ये झुरिकला झाली. मोठेपणी बाप्तिस्मा घेणार, राजाच्या सांगण्यावरून नाही, एवढाच हट्ट, आणि त्यासाठी कॅथलिकांनी पण मारलं आणि प्रोटेस्टंटांनी पण. फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवलं, तुला पाण्याची हौस आहे ना मग घे असा तो क्रूरपणा. ज्यांच्या नावाने हे ओळखले जातात ते मेनो सायमन्स हॉलंडकडचे पाद्री, १५३६ मध्ये चर्च सोडून यांना येऊन मिळाले. हॉलंडमध्येच १५६९ ला डर्क विलेम्स नावाचा एक कैदी पळाला, गोठलेल्या पाण्यावरून पार झाला, मागून धावणारा शिपाई बर्फ फुटून बुडायला लागला तर हा मागे वळला आणि त्याला बाहेर काढलं. मग पकडून जाळलाच त्याला. धमतरीला माझ्या वर्गातल्या मुलींना ही गोष्ट पाठ होती, आपल्याला शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका असते तशी.

आता नानांचा प्रश्न, सगळेच नाही म्हणाले तर. याचं उत्तर त्यांच्याकडे वादात देता येईल असं नाहीच मुळी, पण ‘लढणार नाही’ म्हणून घरात बसायला आपल्याला तोंड नाही हे त्यांना पक्कं कळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जवळपास १२,००० जणांनी बंदूक नाकारून दुसरी सेवा घेतली, त्यात मेनोनाइट सगळ्यात जास्त. बिनपगारी. जंगलातल्या वणव्यात विमानातून उड्या मारल्या, वेड्यांच्या इस्पितळात काम केलं आणि तिथले हाल बाहेर आणले. यांच्यासारख्याच ३६ जणांनी मिनेसोटात महिनोन् महिने स्वतःला अर्धपोटी ठेवून घेतलं, कशाला, तर युद्धानंतर उपाशी लोकांना काय आणि किती खायला घालायचं ते डॉक्टरांना समजावं म्हणून. भित्रा माणूस हे करेल?

सेंट्रल कमिटी पण अशीच निघाली. १९२० मध्ये आज युक्रेन म्हणतो त्या भागात यादवी आणि उपासमार चालली होती, तिथे त्यांचे नातेवाईक होते, अमेरिकेतून जी पहिली तीन पोरं मदत घेऊन गेली त्यातला क्लेटन क्रॅट्झ त्याच गोंधळात पकडला गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर पण स्वयंपाकघरं उघडली, मग ५० ट्रॅक्टर पाठवले कारण घोडे मेले होते आणि नांगरायला काही नव्हतं. भारतात ही कमिटी १९४२ पासून आहे, बंगालचा दुष्काळ लगेच पुढच्या वर्षी पडला.

माझ्या मते त्यांची प्रार्थना आणि हातोडा वेगळे काढताच येत नाहीत. मृणाल, तुझा मुलगा सकाळी बसतो ती प्रार्थना कामाचाच भाग आहे. त्याने डोळे उघडे ठेवून बसायचं की मनात रामरक्षा म्हणायची हे कोणी तपासत नाही.

मिलिंद_बडोदे

मी बडोद्याचा, धर्माचं मला फार कळत नाही, पुराचं कळतं. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी घरात आली, सोसायटीत मगरी फिरत होत्या ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिले दोन-तीन दिवस इतकी मदत की विचारू नका, खिचडीची पातेली, दुधाच्या पिशव्या, रीलवाले. पाणी उतरलं, गाळ राहिला, आणि माणसं गायब. पलंग फुगलेला, भिंतीला बुरशी, शेजारच्या म्हाताऱ्या काकांना एकट्याला कपाट उचलवत नाही. तेव्हा कोणी येत नाही हो. २०१९ ला पण हेच.

माझा मामेभाऊ टेक्सासला आहे, तिथे २०१७ ला हार्वे वादळ आलं. तो सांगतो की सगळ्या मोठ्या संस्था निघून गेल्यावर हे मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिसवाले येतात आणि ठाण मांडून बसतात, वर्ष-दोन वर्षं. ज्याचा विमा नाही, जो म्हातारा आहे, अपंग आहे, विधवा आहे त्याचं घर आधी. रिटायर झालेले सुतार, प्लंबर आणि कॉलेजची पोरं. १९५० मध्ये कॅन्ससला एका पिकनिकमध्ये निघालेली संस्था आहे ही, वर अनघाताईंनी सांगितलं तशी युद्धकाळात सेवा केलेली पोरं होती त्यात, शांतता झाली म्हणून आता काय बसून राहायचं का असं म्हणून सुरू केली. फक्त अमेरिका-कॅनडात काम करतात नाहीतर मीच फोन लावला असता.

ताई, जाऊ द्या त्याला. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीच्या तयार पाट्या, लावायला शिकून येईल.

नाना_रामबाग

अनघा, छान लिहिलंस, पण अर्धी बाजू. त्याच युक्रेनमध्ये माख्नो नावाच्या अराजकवाद्याच्या टोळ्या आल्या तेव्हा यांच्याच पोरांनी १९१८-१९ मध्ये बंदुका उचलल्या होत्या, स्वसंरक्षण दल काढून. मी पण वाचतो थोडंफार. आणि शांतीवर यांच्यात सगळ्यात नाव झालेला विद्वान, जॉन हॉवर्ड योडर, त्याने वर्षानुवर्षं कितीतरी बायकांना छळलं आणि संस्थांनी ते दाबून ठेवलं.

अनघा_धमतरीची

हो नाना, दोन्ही खरं. बंदुका उचलल्या ती चूक होती की नाही यावर ते आजही आपसात भांडतात. योडरच्या बाबतीत तर त्याच्या सेमिनरीने, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजने, २०१५ मध्ये त्या बायकांची जाहीर माफी मागितली, तोवर तो मरून १७ वर्षं झाली होती. फार उशीर. शांती शिकवणारी संस्था स्वतःच्या घरातल्या बायकांचं ऐकत नाही याचा राग मला पण येतो आणि तो गोधड्या शिवून फिटत नाही.

भिया_किचनरवाले

नाना, ‘डाव’वाल्या मुद्द्यावर एकच सांगतो. १९९० ला इराणमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा सेंट्रल कमिटीने तिथल्या रेड क्रेसेंटला (आपल्या रेड क्रॉससारखी संस्था) मदत केली. त्यातून ओळख वाढून पुढे उत्तर अमेरिकेतले मेनोनाइट कुम या शिया धर्मशिक्षणाच्या शहरात राहून इस्लाम शिकले आणि तिकडचे शिया विद्यार्थी टोरोंटोला येऊन पीएचडी करायला लागले. कॅनडात यावरून यांना शिव्या पण बसल्या, इराणवाल्यांशी कशाला बसता म्हणून. आता कुमला जाऊन कोणाचा धर्म बदलणार हे?

नाना_रामबाग

ते वेगळं. ते मान्य. पण सैन्याचं मत मी बदलत नाही. मृणाल, मुलाला धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जायला सांग, पुराच्या घरात खिळे फार असतात.

मृणाल_सुदामानगर

सगळ्यांचे आभार, नाना तुमचे पण. ह्यांना पूर्ण वाचायला लावलं, मिलिंदभाऊंचं वाचून गप्प झाले, ह्यांची बहीण बडोद्यातच मांजलपुरला आहे. आता एकच शंका राहिली, आम्ही शाकाहारी, आणि मुलाने फोटो पाठवलाय त्यात हे लोक मोठाल्या मशीनवर मांसाचे डबे भरतायत, ते तिकडे कँपमध्ये हेच खायला घालतात की काय?

भिया_किचनरवाले

ताई ते डबे परदेशात पाठवायचे असतात, १९४६ पासून ट्रकवर फिरतं मशीन आहे त्यांचं, गावोगाव जाऊन भरून घेतात. कँपवर स्वयंपाकाला वेगळी मंडळी असतात, आधी कळवलं की बटाटे, बीन्स, फळांचा पाय (केकसारखा गोड पदार्थ) सगळं मिळेल. तिखट मिळणार नाही. चिवडा आणि लोणच्याची बाटली बरोबर द्यायला सांगा, आणि बाटली नीट लपवून ठेव म्हणावं, पहिल्याच दिवशी संपते.