स्वतः बसवलेल्या सोलरला ग्रीड जोडणीची मंजुरी मिळत नाहीये, मदत हवी आहे

उन्हाळी_वारा

मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे.

गच्चीवर सोलर बसवलंय. कंपनीकडून नाही, स्वतः. स्टँड, वायरिंग, अर्थिंग, सगळं मी आणि मेव्हण्याने मिळून केलं. सिस्टिम झकास चालू आहे, तिच्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न आहे नेट मीटरच्या (ग्रीडकडून घेतलेली आणि ग्रीडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) अर्जाचा. वीज कंपनीने अर्ज परत पाठवला आणि वर शेरा: 'इन्व्हर्टरचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही. एसएलडी अपूर्ण.' बस, एवढंच. प्रमाणपत्र जोडलं होतं, तेही आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) मानकाचं. एसएलडीसुद्धा (सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे जोडणीचं रेखाचित्र) काढून दिली होती. फोन केला की म्हणतात, तुमच्या इन्स्टॉलरला विचारा. अहो, इन्स्टॉलर मीच!

ज्यांनी स्वतः बसवून मंजुरी काढली आहे त्यांनी नेमके कोणते कागद लावले ते सांगा. 'कंपनीला काम द्यायचं होतं' हा सल्ला घरातून भरपूर मिळालाय, इथे नको.

चौकस

साहेब, जे विचारायला हवं तेच सोडून बाकी सगळं लिहिलंत. किती किलोवॅट? किती पॅनेलं, किती स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा)? इन्व्हर्टर ऑनग्रीड (ग्रीडला वीज देणारा), ऑफग्रीड (न देणारा) की हायब्रीड (ग्रीडला देणारा आणि बॅटरीवरही चालणारा)? बॅटरी आहे का? सिंगल फेज की थ्री फेज? मंजूर भार किती? 'आयईसीचं प्रमाणपत्र' म्हणजे कोणत्या क्रमांकाचं? आयईसीची मानकं ढिगाने आहेत.

आणि मंजुरी नाही तर सिस्टिम 'झकास चालू' कशी? ग्रीडला जोडून चालवताय का?

सूर्यफूल

पॅनेलं कोणती घेतली? मोनो पर्क घेतली असतील तर थोडं थांबायला हवं होतं. आता टॉपकॉन घ्यावीत, उन्हात तापल्यावर कमी मार खातात. आणि महिन्यातून एकदा धुवा, पण भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. मी पहाटे धुतो.

उन्हाळी_वारा

@सूर्यफूल, धन्यवाद, पण पॅनेलं धुण्याबद्दल कुणी अर्ज नाकारलेला नाही.

@चौकस, ५ किलोवॅटचा हायब्रीड. ४१५ वॅटची १२ पॅनेलं, एकच स्ट्रिंग. बॅटरी नंतर घेणार. सिंगल फेज. मंजूर भार पुरेसा आहे. चालू आहे म्हणजे चालू आहे, दिवसा मीटर जवळजवळ थांबलेला असतो.

बिनधास्त

नेट मीटरच्या भानगडीत पडताच कशाला? इन्व्हर्टरमध्ये झिरो एक्स्पोर्ट लावा, मेन लाइनवर सीटी (करंट मोजणारं कडं) बसवा, विषय संपला. बाहेर वीजच जात नाही तर परवानगी कसली? आमच्याकडे असंच चालू आहे, कुणी फिरकलंही नाही.

जुना_वायरमन

कुणी फिरकलं नाही म्हणजे नियमात बसलं असं होत नाही. झिरो एक्स्पोर्ट म्हणजे युनिट बाहेर जात नाहीत, एवढंच. इन्व्हर्टर ग्रीडला समांतर चालतोच आहे. बहुतेक वीज कंपन्यांना समांतर चालणारा प्रत्येक स्रोत कळवावा लागतो, युनिट बाहेर जावोत न जावोत.

बाहेरची लाइन बंद पडली आणि तुमचा इन्व्हर्टर तसाच ढकलत राहिला, तर घरातली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते. जो ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो, तोच उलट्या बाजूने त्याचे पुन्हा हजारो करतो. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं लाइन मेलेली आहे. मी त्या खांबांवर चढलेला माणूस आहे.

बिनधास्त

काका, हे भीती घालणं झालं. आजकाल प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये ॲन्टी-आयलँडिंग असतं. लाइन गेली की दोन सेकंदांत बंद.

जुना_वायरमन

'असतं' हे कुणी तपासलं? त्याचाच तर कागद मागतायत ना.

चौकस

काका मुद्द्याचं बोलले. @उन्हाळी_वारा, प्रमाणपत्रावरचा आकडा वाचून सांगा. आणि एक प्रयोग करा. ऊन असताना मेन स्विच पाडा. घरातले दिवे जातात का?

उन्हाळी_वारा

दिवे अजिबात जात नाहीत! म्हणूनच तर हायब्रीड घेतला. प्रमाणपत्रावर लिहिलंय आयईसी ६२१०९-१ आणि ६२१०९-२. शिक्का, सही, प्रयोगशाळेचं नाव, सगळं आहे.

चौकस

मग गाठ सापडली. ६२१०९ हे इन्व्हर्टरच्या विद्युत सुरक्षिततेचं मानक आहे: शॉक लागणार नाही, इन्सुलेशन बरोबर आहे, पेट घेणार नाही, वगैरे. ग्रीड गेल्यावर इन्व्हर्टर वेळेत सुटतो की नाही याची चाचणी आयईसी ६२११६ मध्ये येते. त्यात इन्व्हर्टरच्या उत्पादनाशी बरोबर जुळणारा लोड मुद्दाम लावून ग्रीड काढतात, कारण लोड आणि उत्पादन समसमान असलं की इन्व्हर्टरला ग्रीड गेलेलं कळणं सगळ्यात अवघड. तशा अवस्थेतही दोन सेकंदांच्या आत थांबायला हवं. ग्रीडशी जुळवून घेण्याच्या बाकी अटींसाठी आयईसी ६१७२७ आहे. अमेरिकेत याच कामाला आयईईई १५४७ आणि यूएल १७४१ विचारतात, ब्रिटनमध्ये छोट्या घरगुती सिस्टिमला जी९८. तुमच्या कागदात यातलं काहीच नाही, म्हणून 'ग्राह्य नाही'.

आता खरी शंका. इन्व्हर्टरच्या मेनूत आउटपुट प्रायॉरिटीला (ग्रीड, सोलर, बॅटरी यांतलं आधी काय वापरायचं तो क्रम) यूएसबी, एसयूबी, एसबीयू असे पर्याय दिसतात का?

उन्हाळी_वारा

दिसतात. एसबीयूवर ठेवलाय. का?

चौकस

तर मग तो बहुधा ग्रीडला वीज देणारा हायब्रीड नाहीच. ऑफग्रीड इन्व्हर्टर आहे, ज्याला ग्रीडची इनपुट आहे. ऊन असलं की घराचा लोड सोलरवर, नसलं की आतला रिले घर ग्रीडवर टाकतो. म्हणून मीटर 'थांबलेला' दिसतो, कारण घर त्या वेळी ग्रीडवर नसतंच. म्हणूनच मेन पाडला तरी दिवे जात नाहीत. विकताना याच्यावरही सर्रास 'हायब्रीड' छापतात. डेटाशीटमध्ये ग्रीडला वीज देण्याची क्षमता, म्हणजे फीड-इन किंवा एक्स्पोर्टचे आकडे शोधा. ते नसतील तर नेट मीटर बसवूनही त्यात मोजायला काही नसेल.

अवलिया

अवांतर: जुने चकतीवाले मीटर होते तेव्हा सोलर लावलं की चकती उलटी फिरायची. ना अर्ज, ना एसएलडी. गेले ते दिवस.

रेवा

@अवलिया, ते दिवस गेले आणि आता उलटा प्रकार होतो. एकाच दिशेने मोजणारे कितीतरी इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा बघतच नाहीत. तुम्ही बाहेर दिलेले युनिटसुद्धा तुमच्याच नावावर वापर म्हणून चढवतात. मंजुरी न घेता गुपचूप वीज बाहेर सोडणाऱ्यांचं बिल वाढतं ते असं.

@उन्हाळी_वारा, मी स्वतः बसवून मंजुरी घेतली आहे, म्हणून एसएलडीबद्दल सांगते. बरेच जण पॅनेल, इन्व्हर्टर, मीटर असे तीन चौकोन काढून मध्ये रेघ मारतात. ते चालत नाही. स्ट्रिंगमध्ये किती पॅनेलं, ओपन सर्किट व्होल्टेज (करंट ओढला जात नसतानाचं) किती, डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडची वीज तोडायचा स्विच) कुठे, डीसी आणि एसीकडचे एसपीडी (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारे), केबलची जाडी, इन्व्हर्टरचं मॉडेल अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत, एसी ब्रेकर, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर, मीटर, अर्थिंग कुठे कुठे, हे सगळं त्या एका कागदावर हवं. मॉडेलचं नाव प्रमाणपत्रावर, एसएलडीवर आणि अर्जात तंतोतंत एक हवं. माझं एका डॅशमुळे अडलं होतं.

दुसरं म्हणजे सही. परवानाधारक इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच्या कामावर सही करायला नाखूश असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मी केसिंगची झाकणं उघडी ठेवून त्यांना सगळं दाखवलं, त्यांच्यासमोर इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजला (१ मेगाओहमच्या वर हवा), अर्थ कंटिन्युइटी मोजली, आयईसी ६२४४६-१ च्या नमुन्यात रिपोर्ट केला. मग सही झाली.

उन्हाळी_वारा

@रेवा, डॅशमुळे?! बरं. माझ्या एसएलडीत चार चौकोन आहेत.

@चौकस, डेटाशीट शोधतो. पण बाकी गणित चोख आहे हे लक्षात घ्या. एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज ३७.४, गुणिले १२ म्हणजे ४४८.८ व्होल्ट, इन्व्हर्टरची कमाल ४५०. बरोबर बसतंय.

चौकस

अहो, बसत नाहीये! ३७.४ हा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. सेल गार झाला की व्होल्टेज वाढतं. डेटाशीटवर तापमान गुणांक असेल, समजा दर अंशाला उणे ०.२७ टक्के. थंडीत सकाळी १० अंश असेल तर १५ अंशांचा फरक, म्हणजे साधारण ४ टक्के वाढ. ४४८.८ चे झाले ४६७. ऊन पहिल्यांदा पडतं त्या क्षणी पॅनेल गारच असतं आणि इन्व्हर्टरने अजून करंट ओढायला सुरुवात केलेली नसते, तेव्हा पूर्ण ओपन सर्किट व्होल्टेज त्याच्या तोंडावर येतं. इनपुट जळते ती अशाच सकाळी, आणि कमाल व्होल्टेज ओलांडलं म्हणून वॉरंटीही नाकारतात.

११ पॅनेलं करा. ४११.४ व्होल्ट. शून्य अंशालासुद्धा ४४० च्या आत राहाल.

सूर्यफूल

म्हणूनच मी म्हणत होतो टॉपकॉन घ्या, त्यांचा गुणांक चांगला.

चौकस

टॉपकॉनलासुद्धा हाच हिशोब करावा लागतो.

जुना_वायरमन

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलांकडून येणाऱ्या लाइनवर, ब्रेकर कोणता टाकलाय?

उन्हाळी_वारा

३२ ॲम्पिअरचा एमसीबी, चांगल्या ब्रँडचा. काका, माझा प्रश्न प्रमाणपत्राचा आहे.

जुना_वायरमन

प्रमाणपत्राचं होत राहील. एमसीबी एसीचा की डीसीचा? साधा घरगुती असेल तर आधी तो काढा. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझायला वाव मिळतो. डीसीत शून्य येतच नाही. लोडवर असताना तो एमसीबी पाडलात तर आत ज्योत वेल्डिंगसारखी तशीच जळत राहते आणि डबी वितळते. डीसी आयसोलेटर बसवा, त्याच्यावर डीसी व्होल्टेज छापलेलं पाहून घ्या. डीसी एमसीबीच घेणार असाल तर काहींवर प्लस-मायनसची खूण असते. उलटा लावला तर तोही एसीच्या एमसीबीइतकाच कुचकामी.

पॅनेलांच्या वायरींचे एमसी४ कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत खुपसले नाहीत ना? बसतात, पण सैल राहतात आणि तापतात. वायरींची टोकं क्रिम्पिंगच्या खास पकडीने दाबलीत की साध्या पक्कडीने?

बिनधास्त

काका आता छपराचे पत्रेही मोजायला लावतील.

जुना_वायरमन

बिनधास्तराव, तुमच्याकडचाही एमसीबी एकदा बघून घ्या.

रेवा

काकांच्या यादीत एक भर. फ्रेमचं अर्थिंग करताना ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइज्ड थर वीज वाहू देत नाही. नुसता नट आवळून अर्थिंग होत नाही. दातेरी वॉशर लागतो, जो तो थर खरवडून आत पोचतो. आणि उघडी तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला लावू नका, पावसात तो सांधा खाऊन जातो. टिनचा मुलामा असलेला लग वापरा. माझ्या इलेक्ट्रिशियनने कागदाला हात लावण्याआधी मल्टिमीटर घेऊन फ्रेम ते फ्रेम तपासलं होतं.

उन्हाळी_वारा

डेटाशीट मिळाली. 'फीड-इन'च्या रकान्यात रेघ मारलेली आहे. विक्रेत्याला फोन केला, तो म्हणतो, 'सर, हायब्रीड म्हणजे सोलर प्लस बॅटरी, ग्रीडला देतो असं आम्ही कधी म्हटलं?' बॉक्सवर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'ऑन/ऑफ ग्रीड' छापलंय ते बहुतेक सजावट म्हणून.

आता काय करायचं ते सांगा, निबंध नकोत.

चौकस

कंपनीला लेखी विचारा: या मॉडेलचं, याच शेवटच्या अक्षरांसकट, ६२११६ प्रमाणपत्र आहे का. डेटाशीट बघता 'नाही' येईल. मग दोनच रस्ते. नेट मीटर हवाच असेल तर प्रमाणित ऑनग्रीड किंवा खरा हायब्रीड घ्या, नवी एसएलडी काढा, नव्याने अर्ज करा. नवा इन्व्हर्टर आल्यावर त्यात तुमच्या देशाचा ग्रीड कोड निवडायला विसरू नका, व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा आणि ग्रीड परत आल्यावर किती वेळ थांबायचं ते त्यावर ठरतं. कुठे २० सेकंद, कुठे पाच मिनिटं. तपासणीला येणारा माणूस हेच बघतो: स्विच पाडतो, घड्याळ लावतो.

नाहीतर अर्ज मागे घ्या आणि आहे तो इन्व्हर्टर ऑफग्रीड म्हणूनच चालवा, बॅटरी लावून. तसं वीज कंपनीला लेखी कळवून ठेवा. विकत घेतलेलं वाया जाणार नाही, फक्त जादा युनिटचा हिशोब मिळणार नाही. दोन्ही रस्त्यांत पॅनेल एक कमी आणि ब्रेकर बदलायचा, तो मात्र आजच.

बिनधास्त

म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच. नेट मीटर नको.

रेवा

नाही हो. तुमचा ग्रीडला समांतर चालतो आणि कागद नाही. ह्यांचा समांतर चालतच नाही. फरक आहे.

उन्हाळी_वारा

नेट मीटर हवाच आहे. दुपारी घरात कुणी नसतं, सगळं उत्पादन वाया जातं. ऑनग्रीड बघतो. एमसीबी मेव्हणा बदलतोय, म्हणतोय आधीचा पण 'चांगलाच' होता. रेवाताई, तुमच्या एसएलडीची प्रत नाव-पत्ता पुसून व्यनि कराल का?

रेवा

पाठवते. पण जशीच्या तशी उतरवू नका, माझी दोन स्ट्रिंगची आहे.

अवलिया

तो जुना इन्व्हर्टर काढणार असाल तर मला सांगा. शेतावरच्या खोलीत ग्रीडच नाही, तिथे फीड-इनची रेघ मला चालेल.