मदत हवी: सोन्यावरचं तांबं 1/3 की 2/3? (आणि सराफाकडची तार चालेल का?)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एमएस्सीला आहे, भौतिक रसायनशास्त्र. प्रकल्प अंडरपोटेन्शियल डिपॉझिशनवर, म्हणजे यूपीडी. तांबं तांब्यावर ज्या पोटेन्शियलला बसतं, त्याच्या साधारण 0.2 व्होल्ट आधीच ते सोन्यावर बसायला लागतं, कारण त्याला सोन्याशी बंध जास्त घट्ट जमतो. एका अणूचा थर भरला की हा प्रकार संपतो, पुढे नेहमीचं प्लेटिंग. इथवर ठीक.

घोडं अडलंय रचनेत. सोन्याच्या 111 पृष्ठभागावर (स्फटिकाचा असा काप, ज्यावर अणू षट्कोनी जाळीत दाटीने बसलेले असतात), सल्फ्युरिक आम्लात, हा थर दोन टप्प्यांत बसतो. पहिल्या टप्प्यानंतर एसटीएमच्या (सूक्ष्म टोक फिरवून अणूंचं चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक) चित्रात सुमारे 0.5 नॅनोमीटर अंतरावर ठिपके दिसतात, म्हणजे √3×√3 (ठिपक्यांमधलं अंतर सोन्याच्या अणूंमधल्या अंतराच्या √3 पट). पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका एककात सोन्याचे तीन अणू आणि ठिपका एकच. ठिपका म्हणजे तांबं धरलं तर व्याप्ती (सोन्याच्या दर अणूमागे तांब्याचे अणू) 1/3. पूर्ण थराला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 445 मायक्रोकूलॉम लागतात (दर अणूला दोन इलेक्ट्रॉन), त्या हिशेबाने 148 यायला हवेत. पण पेपरांत 2/3 व्याप्ती लिहिलीय, म्हणजे 297. उरलेलं तांबं चित्रात का नाही?

दुसरं: तयार 111 स्फटिक आमच्या बजेटबाहेर. सराफाकडून 24 कॅरेटची तार आणून ज्योतीत टोक वितळवलं आणि मणी केला तर? सर म्हणतात, करून बघ. सोन्याचा आजचा भाव सरांनी पाहिलेला दिसत नाही.

प्रतिसाद 1

ठिपके तांब्याचे नाहीतच, ते सल्फेटचे आहेत. तांब्याचे अणू मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनांत बसतात, एककात दोन, म्हणून 2/3. प्रत्येक षट्कोनाच्या मधल्या रिकाम्या जागी एक सल्फेट, तेच 1/3. सल्फेट तांब्यापेक्षा वर असतं, त्यामुळे एसटीएमच्या टोकाला आधी तेच लागतं. सुरुवातीला लोकांनी 1/3 तांबं असाच अर्थ लावला होता. 1995 मध्ये मायकल टोनी आणि सहकाऱ्यांनी द्रावणातच क्ष-किरण विकिरण मोजून पोळ्याची रचना पक्की केली. दुसऱ्या टप्प्यात मधल्या जागाही तांब्याने भरतात आणि सोन्याच्याच जाळीवर 1×1 थर होतो. मात्र चार्ज मोजताना जपा: सल्फेटची ये-जा त्याच आकड्यात मिसळलेली असते, 297 काट्यावर येईलच असं नाही.

प्रतिसाद 2

मण्याची युक्ती चांगली आहे, विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ क्लाव्हिलिए यांनी प्लॅटिनमवर रूढ केलेली. सावकाश थंड केला तर मण्यावर 111 चे चकचकीत छोटे पैलू दिसतात. एसटीएमला तेवढं पुरतं. पण अख्खा मणी द्रावणात बुडवून सीव्ही (पोटेन्शियल पुढे-मागे फिरवून काढलेला विद्युतप्रवाहाचा आलेख) काढलीत तर बाकीच्या पृष्ठभागांचे सिग्नल मिसळतील आणि शिखरं पसरट येतील. सीव्हीसाठी अभ्रकावर चढवलेला सोन्याचा पातळ थर ज्योतीत हलका तापवून वापरा. तार घ्यायचीच तर 99.99 ची. सराफाच्या सोन्यात उरलेली चांदी, तांबं तुमच्याच प्रयोगात लुडबुड करेल.

आणि क्लोराइड! ते असलं की रचनाच वेगळी येते. बोअरच्या पाण्याच्या आसपासही फिरकू नका. सिल्व्हर-क्लोराइडच्या रेफरन्स इलेक्ट्रोडमधून (ज्याच्या तुलनेत पोटेन्शियल मोजतात) क्लोराइड पात्रात झिरपतं, त्याऐवजी त्याच द्रावणात स्वच्छ तांब्याची तार बुडवा. पोटेन्शियलचं शून्य आपोआप तांब्याचं मिळेल.