परसातील कोंबड्या आणि बदके : आपले अनुभव लिहा

कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग

आमच्या परड्यात सध्या 9 गावठी कोंबड्या, 1 कोंबडा आणि 4 खाकी कॅम्पबेल बदके आहेत. कुक्कुटपालनाची जी छापील माहिती हाती येते ती बहुतेक शेकडो पक्ष्यांच्या शेडसाठी लिहिलेली असते. दहा-पंधरा पक्षी बाळगणाऱ्या घराला तिचा उपयोग थोडाच होतो. म्हणून ज्यांनी घरी कोंबड्या, बदके किंवा दोन्ही पाळली आहेत त्यांनी येथे सविस्तर लिहावे, आणि पक्षी कशामुळे दगावले व त्यानंतर आपण काय बदलले हे आवर्जून सांगावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. पहिल्या पावसाळ्यात मी दोन्ही जाती एकाच खुराड्यात ठेवल्या. बदक खाताना पुन्हा पुन्हा पाण्यात चोच बुडवते, नाकपुड्या धुते आणि ते पाणी आजूबाजूला उडवते; त्यामुळे खाली अंथरलेला तुसाचा थर आठवडाभरात चिखलासारखा झाला आणि खुराड्यात डोळे चुरचुरावेत असा दर्प भरला. उबदार ओल्या जमिनीत रक्ती हगवणीचे जंतू फार वेगाने वाढतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. महिन्या-सव्वा महिन्याच्या 14 पिल्लांपैकी 11 गेली. आता बदकांना वेगळा, बुटका निवारा आहे. त्यांचे पाणी बाहेर, खडी भरलेल्या खड्ड्यावर ठेवतो आणि भांडे असे खोल निवडतो की बदकाला त्यात सबंध डोके बुडवता यावे, कारण तेवढे न मिळाल्यास त्याचे डोळे चिकटतात. पोहण्यासाठी तळे नसले तरी त्याचे भागते. बदके पहाटे अंडी घालतात, म्हणून त्यांना नऊ वाजेपर्यंत कोंडून ठेवतो. पूर्वी उजाडताच सोडत असे आणि अर्धी अंडी ओढ्याकाठी हरवत असत.

गुहागर, रत्नागिरी

माझा अनुभव खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी उबवण्याचा आहे. खाकी कॅम्पबेलची मादी सहसा अंड्यांवर बसतच नाही, म्हणून पिल्ले हवी असतील तर कोंबडीच शोधावी लागते. पहिल्या वेळी मी एकाच डालग्यात 6 कोंबडीची आणि 5 बदकाची अंडी एका दिवशी ठेवली. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते आणि बदकाच्या अंड्याला 28 दिवस लागतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येताच ती माउली त्यांना घेऊन उठली आणि बदकाची पाचही अंडी थंड पडली. पुढच्या वेळी केवळ बदकाची 7 अंडी ठेवली, सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात धरून आत रक्ताच्या शिरा दिसतात का, म्हणजे पिल्लू वाढते आहे का, ते पाहिले आणि शेवटचा आठवडा अंड्यांवर रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा केला. आठवडाभर जास्तीचे बसावे लागल्याने कोंबडी फार उतरली होती, त्यामुळे तिला दिवसातून दोनदा उठवून ज्वारी आणि पाणी समोर ठेवणे मी कटाक्षाने पाळले.

सहा पिल्ले निघाली. चौथ्या दिवशी ती हौदात उतरली आणि कोंबडी काठावर ओरडत येरझाऱ्या घालू लागली. मला वाटले होते की बदकाचे पिल्लू पाण्यातच सुखी असते. परंतु बदकीण आपल्या अंगाचे तेल पिल्लांच्या लवेला लावते, तसे कोंबडीकडून होत नाही. पिल्ले चिंब भिजली, गारठली आणि त्यांतील 2 संध्याकाळपर्यंत मेली. आता महिनाभर मी त्यांना उथळ ताटलीपलीकडे पाणी देत नाही. आणखी एक गोष्ट : कोंबडीच्या पिल्लांचेच खाद्य खाऊन एका पिल्लाचे पाय वाकडे होऊ लागले होते. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते, असे पशुवैद्यांनी सांगितले आणि पाण्यातून औषध दिल्यावर ते पिल्लू सावरले.

औसा तालुका, लातूर

आमच्याकडे बदके नाहीत, पण मानमोडीविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. कुमाऊँमधील राणीखेतच्या नावाने ओळखला जाणारा हाच रोग. माझ्या आईकडे 22 कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून आणलेला एक कोंबडा त्याच संध्याकाळी तिने इतरांत सोडला. पाचव्या दिवशी हिरवट-पांढरी हगवण सुरू झाली, मग चोच उघडून धापा टाकणे आणि शेवटी मान पिळवटून पाठीकडे वळणे; दहा दिवसांत 3 कोंबड्या उरल्या. या रोगावर औषध नाही, लस मात्र आहे, आणि ती आम्ही कधी टोचलीच नव्हती.

लस न टोचण्याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नव्हते. लासोटा लसीची कुपी निदान 100 मात्रांची येते, एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि दुकानापासून घरापर्यंत ती बर्फात आणावी लागते. दहा पक्ष्यांसाठी हे सारे कोण करणार? म्हणून आम्ही गल्लीतील सात घरे एकत्र आलो. ज्यांची पिल्ले आठवड्याची झाली असतील त्यांनी एकमेकांना कळवायचे, एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची आणि पहाटेच्या गारव्यात घरोघर जाऊन प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब सोडायचा, असे ठरले. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी लस टोचतो. सुरुवातीला एकदा आम्ही लस नळाच्या पाण्यात घालून पाजली होती. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ती निकामी होते, हे नंतर समजले. बाजारातून आणलेला पक्षी आता तीन आठवडे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मग तो कितीही निरोगी दिसो. चार वर्षे झाली, मानमोडी आमच्या गल्लीत आलेली नाही.

जव्हार, पालघर

आमच्या पाड्यावर पिल्लांना विकतचे खाद्य कोणी घालत नाही. जुन्या मडक्यात ओले शेण, पेंढा आणि गोणपाटाचा तुकडा भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथे ठेवतात. सकाळी ते वाळवीने भरलेले असते. पिल्ले त्यावर तुटून पडतात आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांची वाढ डोळ्यांना दिसते. ज्या घरात कोंबडी नाही त्या घराला शेजारी अर्धलीने कोंबडी देतात : निघालेल्या पिल्लांतील निम्मी मालकाची आणि निम्मी सांभाळणाऱ्याची. माझ्या बहिणीचा कळप असाच एका कोंबडीपासून झाला. तिची पिल्ले मुंगसाने दोनदा नेली, तेव्हा तिने खुराडे जमिनीपासून तीन फूट उंच, चार खांबांवर घेतले आणि खांबांना पत्रा गुंडाळला.

नवापूर तालुका, नंदुरबार

फेब्रुवारी 2006 मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो आमच्या नवापूरला. मी तेव्हा शाळेत होतो. रोग मोठ्या पोल्ट्र्यांत होता, पण ठरावीक अंतरातील सर्वच पक्षी मारायचे असल्याने अंगभर पांढरा पोशाख घातलेली माणसे आमच्या अंगणातही आली. आमच्या 14 कोंबड्यांना काहीही झालेले नव्हते. आजीने त्या स्वतः पकडून दिल्या, कारण अनोळखी हातांना त्या घाबरल्या असत्या. हे का करावे लागले ते मला आता समजते आणि ते योग्यच होते असे मी मानतो, तरीही पुढचे वर्षभर ती पहाटे उठून रिकाम्या खुराड्याशी जात असे, ते मी विसरू शकत नाही.

या अनुभवामुळे बदके पाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बदकाच्या अंगात हा विषाणू असूनही ते वरून निरोगी दिसू शकते. रानबदके उतरतात त्या तळ्यावर आपली बदके चरायला सोडून संध्याकाळी ती कोंबड्यांत मिसळू नयेत, आणि एकाएकी तीन-चार पक्षी मेले तर ते फेकून वा खाऊन न टाकता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

पेण, रायगड

ऑगस्ट महिना होता. मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड यांचे पोते भिंतीला टेकून ठेवले होते आणि तळाला हिरवट गाठी धरल्या होत्या. मी गाठी चाळून काढल्या, उरलेले उन्हात वाळवले आणि घातले. कोंबड्यांनी काही दिवस अंडी कमी दिली, एवढेच; परंतु बदकाच्या 7 पिल्लांपैकी 6 चार दिवसांत मेली. पशुवैद्यांनी एक पिल्लू उघडून फिकट पडलेले यकृत दाखवले आणि बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, असे कारण सांगितले. बदकाचे पिल्लू या विषाला कोंबडीपेक्षा फारच लवकर बळी पडते आणि वाळवल्याने वा भाजल्याने ते विष जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्ले हजारोंनी मेली तेव्हा त्यामागेही बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंडच होती, आणि त्या शोधातूनच हे विष ओळखले गेले. आता पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणतो, ते फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो, आणि वास आला की सबंध पोते खड्ड्यात पुरतो.

पुणे

बंगल्याच्या मागे 4 गिरिराज कोंबड्या आहेत. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, केवळ पिल्लांसाठी लागतो. हे कळल्यावर पहाटे आरवणारा कोंबडा आम्ही गावी पाठवला आणि शेजाऱ्यांची झोप सुखाची झाली. चौघी मिळून आमच्या कुटुंबाला पुरेशी अंडी देतात.

रेडिंग, इंग्लंड

माझ्याकडे 3 कोंबड्या आणि 2 बदके आहेत. येथे ऑक्टोबर 2024 पासून एकच पक्षी असला तरी त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि बर्ड फ्लूच्या काळात आदेश निघाला की आठवडेच्या आठवडे पक्षी जाळीआड ठेवावे लागतात. हिवाळ्यात दिवस आठ तासांचा उरतो. कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी चौदा तासांच्या आसपास उजेड हवा असतो, त्यामुळे डिसेंबरात अंडे क्वचितच मिळते. मी दिवा लावत नाही. तेवढी विश्रांती त्यांना मिळावी असे मला वाटते.

सर्वांत अवघड गेला तो स्वयंपाकघराचा नियम. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेले अन्न, मग ती भाजीची देठे का असेनात, कोंबड्यांना घालणे येथे बेकायदा आहे. ज्या घरांत कोणताही प्राणिजन्य पदार्थ मुळीच वापरला जात नाही त्यांनाच काय ती त्यातून सूट आहे. माझी आई साताऱ्याहून आली तेव्हा पहिल्याच सकाळी भाकरीचा तुकडा हातात घेऊन दाराशी गेली आणि मला तिला थांबवावे लागले. तिला ते फार लागले. दुसऱ्या दिवसापासून तिने वाफ्यातली मेथी तेथल्या तेथे खुडून, उंबऱ्याच्या आत न आणता, थेट जाळीतून त्यांना घालायला सुरुवात केली, आणि ती परत गेल्यावरही कोंबड्या सकाळी त्याच वाफ्याच्या बाजूला येऊन उभ्या राहतात.