वाट वाकडी करून पाहिलेले : सातारा-सांगलीतील लहान संग्रहालये आणि ठिकाणे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत येणारा प्रवासी बहुधा महाबळेश्वर, कास किंवा एखादा किल्ला मनाशी ठरवूनच घराबाहेर पडतो. महामार्गापासून थोडी आत असलेली संग्रहालये, विहिरी, वाडे आणि कारागिरांच्या गल्ल्या 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून तशाच राहून जातात. अशा ठिकाणांविषयी लिहिण्यासाठी हा धागा आहे. स्थळाची समग्र माहिती द्यावी अशी अपेक्षा नाही. जिथे आपले पाय सर्वांत जास्त वेळ रेंगाळले, त्या एका वस्तूविषयी लिहावे, आणि ती कोणी दाखवली असेल तर त्या माणसाने काय सांगितले तेही लिहावे. सुरुवात वडूजच्या गुरुजींनी करावी अशी विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली.

निवृत्त चित्रकला शिक्षक, वडूज

औंधचे श्री भवानी संग्रहालय आमच्या खटाव तालुक्यातच असल्यामुळे नोकरीच्या काळात दर वर्षी मुलांना घेऊन जात असे. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर, निम्म्या वाटेत ही इमारत आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभे केले. अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान, परंतु राजा स्वतः हाताने चित्रे काढणारा, आणि म्हणून या संग्रहाला निवड आहे. पैसा होता म्हणून दिसेल ते विकत घेतले, असे येथे वाटत नाही. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे येथे आहेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत, ज्यांच्यासाठी बाळासाहेब चित्रकारांना बरोबर घेऊन स्वतः अजिंठ्याला जाऊन राहिले होते.

मी मात्र मुलांना आधी हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या 'आई आणि मूल' या लहानशा दगडी शिल्पापाशी नेत असे. मूर पुढे जगभर गाजला, पण हे शिल्प त्याच्या उमेदीच्या काळातले आहे. त्यात नाक-डोळे रेखीव नाहीत, अंगावर दागिने नाहीत, वस्त्राच्या चुण्या नाहीत. दोन गोल आकार एकमेकांत मिसळलेले आहेत, एवढेच. "गुरुजी, हे अर्धवट राहिले आहे का?" असा प्रश्न हमखास येई. मग मी मुलांना रविवर्म्याच्या चित्रासमोर नेई, तेथे साडीचा जरीकाठ बोटाने मोजता यावा इतका स्पष्ट दिसतो, आणि पुन्हा मूरपाशी आणी. दुसऱ्या खेपेला कोणी ना कोणी म्हणेच की, मूल आईला कसे बिलगले आहे ते येथे जास्त कळते. कलेच्या तासाला जे खडूने फळ्यावर सांगून भागत नसे, ते त्या दोन दालनांमधल्या येरझाऱ्यांत होऊन जाई.

तेथील फलकांवर फार थोडे लिहिलेले असते, त्यामुळे घाईघाईने फिरणारा माणूस अर्ध्या तासात बाहेर पडतो. किमान दोन तास हाताशी ठेवावेत. सोमवारी जाऊ नये. शासकीय संग्रहालये बहुतेक त्या दिवशी बंद असतात.

आटपाडी

गुरुजींनी ज्या राजांविषयी लिहिले, त्यांच्याच संस्थानात आमचा आटपाडी तालुका होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली. कैद्याने भिंतीआड न राहता कुटुंबासह राहावे आणि शेती करावी, ही त्यामागची कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, आणि तिला मोकळीक देणारे बाळासाहेब. ही जागा कारागृहाच्या अखत्यारीत असल्यामुळे ती पर्यटनस्थळासारखी पाहता येत नाही, हे आधीच सांगतो. वाटेवरून दिसते तेवढेच पाहावे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा देणारेही हेच राजे. त्यामुळे औंधचे संग्रहालय पाहून कोणी किर्लोस्करवाडीमार्गे सांगलीला येत असेल, तर ते एकाच माणसाच्या कामाचे दोन नमुने पाहत असते.

शेतकरी, कोरेगाव तालुका

लिंब येथील बारा मोटेची विहीर पाहायला आता पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक येतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, हे तेथील शिलालेखावरून कळते. अष्टकोनी विहीर, तिला जोडलेली दुसरी लहान विहीर, दोहोंच्या मध्ये खांबांवर कोरीव काम केलेला छोटेखानी महाल आणि भिंतीत बसवलेले शरभ (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), हे सगळे सुंदर आहे यात शंका नाही. पण मी लहानपणी वडिलांच्या हाताखाली मोट हाकलेली असल्यामुळे माझे लक्ष महालाकडे न जाता काठावरच्या मोटेच्या जागांकडे गेले.

ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली तिला निमुळती सोंड. वरच्या तोंडाला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर, असे दोन दोर एकाच वेळी ओढले जातात. बैल विहिरीकडे पाठ करून उतरत्या धावेवरून खाली चालत जातात, मोट भरून वर येते. ती काठाशी आली की सोंदुरामुळे सोंड थारोळ्यावर, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडावर, ओढली जाऊन पाणी आपोआप ओतले जाते आणि पाटाला लागते. बैल उतरत असताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचे वजन बैलांच्या कामी येते. मग बैलांना मागे रेटत पुन्हा वर आणायचे. हे मागे चालणे बैलाला शिकवणे हेच खरे कौशल्याचे काम. नवा बैल त्याला महिनोन् महिने दाद देत नाही.

आता अशा बारा मोटा एकाच विहिरीवर चालू आहेत असे डोळ्यांसमोर आणावे. चोवीस बैल, बारा धावा, बारा मोटकऱ्यांची गाणी आणि दोरात दोर न अडकता सगळे चाललेले. विहिरीला आठ बाजू का दिल्या, हे मला त्या जागी उभे राहिल्यावर उमगले, निदान मला तरी तसे वाटते: प्रत्येक बाजूला स्वतःची धाव मिळाल्याशिवाय इतक्या जोड्या एकमेकींच्या आड आल्यावाचून फिरल्याच नसत्या. सोय पंधरा मोटांची होती, असे गावकरी सांगतात. हे पाणी आमराईला जात असे.

पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात आणि काठाला सगळीकडे कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नये.

वसई

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला गेलो होतो. वाडा छान आहे, भिंतींवरची चित्रे काही ठिकाणी अजून टिकून आहेत, पण त्याविषयी इतरांनी लिहावे. घाटावरच्या मंदिरांलगत एका छोट्या वास्तूत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांपैकी ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची याच मालिकेतल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया माता आणि १७०७ हे साल आहे. लोकांनी हात लावून लावून मूर्तीचा चेहरा गुळगुळीत झाला आहे, तरी बाळाला धरलेल्या हाताची घडण बोटांना कळते.

घाटावर धुणे घेऊन आलेल्या एका आजींनी विचारले, "कुठले म्हणायचे तुम्ही?" मी वसई म्हणताच त्या म्हणाल्या, "मग तुमच्याच गावची की ही! या, बघा निवांत." आमच्याकडे या विषयावर बोलताना लोक एकदम विजय-पराजयावर घसरतात. आजींनी मात्र मला माहेरच्या माणसासारखे वागवले.

सोलापूरहून मिरजेला आलेल्या एक वाचक

मिरज हे आम्हां सोलापूरकरांच्या दृष्टीने दवाखान्यांचे गाव. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही तेथे राहिलो होतो, आणि भेटीची वेळ सोडून उरलेल्या वेळात काय करावे हा प्रश्न होता. खोलीच्या मालकांनी सितारमेकर गल्ली सुचवली. हे संग्रहालय नव्हे. रस्त्यालगतची दुकाने आहेत, मागे किंवा माडीवर कारखाना, आणि दारात भोपळ्यांचे ढीग. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांची मागणी ओसरल्यावर, तंतुवाद्ये बनवायला घेतली, आणि ती विद्या पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका कारागीर चाचांनी बसायला स्टूल दिले. भोपळा आमच्याच भागातून, मंगळवेढा-पंढरपूरकडून येतो, हे ऐकून मला उगाचच आपलेपणा वाटला. भोपळा वर्षभर वाळवायचा, भिजवून कापायचा, तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, नक्षी करायची. हे सगळे पाहून समजते. जवारी काढणे मात्र नुसते पाहून समजत नाही. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा पृष्ठभाग कानशीने घासून असा किंचित उतरता करायचा की, तार तिच्यावर सपाट न बसता अलगद कंप पावावी. चाचा दोन-तीन वेळा कानस फिरवत, तार छेडत, मान हलवत आणि पुन्हा घासत. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवत नेला. एका ठिकाणी धागा आला मात्र, आणि तोपर्यंत ठणठण वाजणारी तार गुंजू लागली. मला संगीतातले फारसे कळत नाही, तरीही तो फरक ऐकू आला. "किती घासायचे ते कसे ओळखता?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, जास्त घासलं तर घोडी वाया. कमी घासलं तर परत घासता येतं."

तेथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच आवारात आहे आणि उरुसात गायक येथे येऊन हजेरी लावतात. विकत काही घ्यायचे नसले तरी गल्लीत कोणी हाकलून देत नाही, मात्र सकाळी कामाच्या भरात जाऊन कारागिरांना खोळंबवू नये, दुपारनंतर जावे.

हळद व्यापारी कुटुंबातील एक गृहस्थ, सांगली

सांगलीत पाहुणे आले की गणपती मंदिर आणि आयर्विन पूल दाखवला जातो. १९२९ चा हा पूल आता पुराच्या बातम्यांमुळेच राज्याला ठाऊक झाला आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच्यापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. आमच्या घरी पाहुण्यांना त्यापुढे हरिपूरला नेण्याची रीत आहे. संगमेश्वराचे दर्शन होते, कृष्णा-वारणेचा संगम दिसतो, शिवाय हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव. पण खरे दाखवायचे असते ते पेव.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे आणि आत रुंद होत गेलेले कोठार. हरिपूरच्या मातीत ते ढासळत नाही आणि ओलही धरत नाही. आतून पाला लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे, की आतली हवा संपून कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षे राहतो. याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावरचे असते; तोंड उघडून काही तास जाऊ द्यावे लागतात आणि मग पेटता कंदील खाली सोडून तो विझत नाही हे पाहावे लागते. २००५ च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली, आणि धंदा गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. उरलेल्यांची तोंडे मोकळ्या जमिनीत सहज ओळखूही येत नाहीत, म्हणून गावातल्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय तेथे हिंडू नये. एखादे पेव जपून, कठडा घालून, माहितीफलक लावून ठेवायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेले नाही.

इतिहासाच्या शिक्षिका, सातारा

आमच्या शहरातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे आली, तेव्हा रांगा लागल्या होत्या. मुलींना घेऊन गेले होते. माझ्या मते, त्या प्रदर्शनाचा साताऱ्याशी असलेला धागा फार थोड्यांच्या ध्यानात आला. ही वाघनखे विलायतेला नेली ती जेम्स ग्रँट डफने, जो १८१८ नंतर साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, होता आणि ज्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. वाघनखे ठेवण्याच्या पेटीवरील मजकुरानुसार ती त्याला पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाली. ती प्रत्यक्ष महाराजांचीच, असा पडताळा झालेला नाही, असे लंडनचे संग्रहालयही सांगते. वर्गात परतल्यावर मुलींमध्ये यावरून जोरदार वाद झाला, आणि मी तो मिटवला नाही.

नोकरदार, मुंबई

वरील सर्व वाचून सातारा मुक्कामी एका दिवसात औंध, लिंब आणि मेणवली करण्याचा विचार आहे. आई-वडील बरोबर असतील. जमेल का?

निवृत्त चित्रकला शिक्षक, वडूज

लिंब आणि मेणवली दोन्ही साताऱ्याच्या उत्तरेला आहेत, त्यामुळे ती एका दिवशी जोडावीत. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी विहीर, नंतर वाईत जेवण आणि ढोल्या गणपती, मग मेणवलीचा घाट. औंध पूर्वेला आहे, त्याला दुसरा दिवस द्यावा. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल तर विहिरीत उतरण्याचा आग्रह धरू नये, वरून फेरी मारूनही ती चांगली दिसते. औंधला मात्र वाहन संग्रहालयापर्यंत जाते.